रात्रीची लाईट आणि दिवसाचं ऊन

 

गेल्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते वहीत उतरवले, वही मिटली. आम्ही उठणार एवढ्यात कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, ते सोलरचं काय आहे ते एकदा नीट सांगा. शेतीची लाईट तर आता फुकट झालीय. मग पैसे भरून त्या प्लेटा कशाला घ्यायच्या?"

प्रश्न रास्त होता. पण मावशींचे डोळे लाल होते, म्हणून आम्ही आधी तेच विचारलं. तर म्हणाल्या, आठ दिवस रात्रीची लाईट आहे. मुलगा पुण्याला कंपनीत, मालकांचे गुडघे गेलेले. गव्हाला पाणी द्यायचं तर रात्री अकराला बॅटरी घेऊन त्यांनाच शेतात जावं लागतं. एक वाफा भरला की दुसऱ्याचं दारं फोडायचं, मध्येच लाईट गेली की बांधावर बसून राहायचं. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. आणि आपल्याकडे २०२० च्या हिवाळ्यात आष्टी आणि करमाळ्याच्या भागात बिबट्याने माणसं मारली, ते कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी कितीतरी बायकांनी हरभरा वाळू दिला, पण रात्री रानात गेल्या नाहीत.

म्हणून आजचं बोलणं त्या मावशींच्या प्रश्नावर आहे. पण थोडं मागून सुरू करू. रात्रीच लाईट का मिळते, हे कळलं तर पुढचं आपोआप कळेल.

आपण बटण दाबतो आणि मोटार सुरू होते. ती वीज त्याच क्षणाला कुठेतरी तयार होत असते. धान्यासारखी ती कणगीत भरून ठेवलेली नसते. सगळ्या राज्याला दिवसभर लागते तेवढी वीज त्या त्या वेळेला तयार करावी लागते. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकानं, शहरातले एसी सगळे मिळून ओढतात. रात्री अकरानंतर हे थंड होतात. पण कोळशाची भट्टी काही रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, ती चालूच ठेवावी लागते. मग रात्री उरलेली वीज कोणाला द्यायची? शेतीला. म्हणून शेतीच्या लाईटची पाळी ठरली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सोय भट्टीची झाली आणि जागरण आपलं.

आता ही भट्टी म्हणजे काय, ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्यातल्या बहुतेकींनी वैजनाथाच्या दर्शनाला जाताना पाहिलंय. उंच धुराडी, आणि खाली मोठाले वाडगे उलटे ठेवल्यासारखे थंड करायचे मनोरे. आत काय चालतं? कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेच्या जोरावर चक्र फिरवायचं. कुकरची शिट्टी ज्या जोराने उडते तोच हा जोर, फक्त फार मोठा. कोळसा परळीत निघत नाही, रेल्वेच्या वाघिणींनी आणावा लागतो. एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो.

मावशींचा हिशोब आम्ही तिथेच वहीच्या मागच्या पानावर केला. त्यांची मोटार ५ एचपीची. ती तासाला साधारण ४ युनिट घेते. आठ तास चालली तर ३२ युनिट. म्हणजे एका रात्रीच्या पाण्यासाठी कुठेतरी २० किलोच्या आसपास कोळसा जळाला. दोन घमेली भरून. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, शंभरात तीस-चाळीस भाग. म्हणजे त्या दोन घमेल्यांतली सहा-सात किलो राख मागे राहिली, आणि बाकीचा कोळसा धूर होऊन हवेत गेला. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि मी चुलीतली राख भांडी घासायला ठेवते. ह्या राखेचं काय करतात?" विटा करतात, सिमेंटमध्ये घालतात. तरी उरतेच, आणि वारं सुटलं की आसपासच्या घरांवर बसते.

कोळशाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती आपण विसरतो. पाणी. वाफेसाठी आणि यंत्र थंड ठेवायला भरपूर पाणी लागतं. परळीच्या केंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी येतं. २०१५ साली पाऊस नव्हता, बंधाऱ्यात पाणी उरलं नाही, आणि परळीचे संच बंद ठेवावे लागले. २०१३ च्या दुष्काळातही तसंच झालं होतं. त्याच दुष्काळात पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. म्हणजे बघा, ज्या वर्षी आपल्याला पाण्याची सगळ्यात जास्त ओढ, त्याच वर्षी वीज करायलाही पाणी हवं. आणि ज्या वर्षी पाऊस नसतो त्या वर्षी ऊन मात्र भरपूर असतं. मराठवाड्याला देवाने काय कमी दिलं असेल ते असो, ऊन कमी दिलेलं नाही.

कोळसा, डिझेल, पेट्रोल, सिलिंडरमधला गॅस, ही सगळी जमिनीच्या पोटातली पुंजी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं आणि जीव दबून तयार झालेली. एकदा जाळली की संपली. शिवाय जाळली की तिच्यातून कार्बन वायू हवेत जातो, तो हवेवर गोधडीसारखा बसतो आणि खालची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सारं जग तापतंय ते ह्यामुळे. पावसाचा ताळतंत्र सुटलाय, जूनमध्ये पेरलेलं जुलैत करपतं आणि काढणीच्या वेळेला धो धो येतो, त्याच्यामागे हे तापणं आहे. ऊन, वारा, वाहतं पाणी, शेण ही मात्र रोजची कमाई आहे, वापरली म्हणून उद्या कमी होत नाही. बचत गटात आपण काय शिकलो? मुद्दल खाऊन घर चालत नाही.

आता बातम्यांत तुम्ही ऐकलं असेल की देशातली निम्मी वीज आता बिनाकोळशाची झाली. हे अर्धं खरं आहे, आणि ते समजून घेणं गरजेचं आहे, नाहीतर कोणीही आपल्याला फसवेल. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या देशाने असा टप्पा गाठला की वीज करायची जेवढी यंत्रं बसवलेली आहेत, त्यांच्या एकूण ताकदीतली निम्मी ताकद सूर्य, वारा, पाणी, अणू अशांची आहे. हे २०३० पर्यंत करायचं ठरलं होतं, पाच वर्षं आधी झालं. चांगली गोष्ट आहे. पण ताकद वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी. गटाच्या वहीत वीस नावं असतात, पण दर बैठकीला वीस जणी येतात का? सोलरची प्लेट म्हणजे दिवसा येणारी सभासद. एक किलोवॅटची प्लेट दिवसभरात साधारण ४ युनिट देते, कारण रात्री तिची सुट्टी आणि सकाळ-संध्याकाळ तिचा जोर कमी. कोळशाचं तेवढंच यंत्र रात्रंदिवस चालू शकतं. म्हणून नावं निम्मी झाली तरी वर्षभरात खर्च होणाऱ्या विजेतली फार मोठी वीज अजून कोळशातूनच येते. शंभरातली सत्तरएक युनिटं, कधी त्याहून जास्त.

मग सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न आलाच. त्याला काही उत्तरं आहेत. वारा हे एक. बीड, धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या फिरताना आपण बघतो. त्यांचा जोर जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आभाळ भरलेलं असतं तेव्हा. एकीचा खंड दुसरी भरून काढते. मोठ्या बॅटऱ्या हे दुसरं, त्या आता बसू लागल्यात. तिसरं उत्तर मात्र आम्हाला फार आवडतं, कारण ते पाण्याचं आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर नावाचं ठिकाण आहे. तिथे एक तलाव कड्याच्या वर आहे आणि एक खाली. वीज जास्त झाली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. संध्याकाळी सगळ्यांना वीज हवी असते तेव्हा तेच पाणी वरून खाली सोडायचं आणि त्याच्या धारेवर वीज करायची. २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी सगळी परत मिळत नाही, थोडी घट येते. पण नको तेव्हाची वीज हवी तेव्हा मिळते. आपण उन्हाळ्यात कैऱ्या चिरून मिठात घालतो, तसंच हे.

आणि इथेच मावशींच्या शेताचा मुद्दा येतो. घराला दिवा रात्री लागतो, पण पिकाला पाणी रात्रीच लागतं असं कुठे आहे? उलट पाणी देणारं माणूस दिवसा बरं काम करतं. सोलरच्या पंपाला बॅटरी लागत नाही, कारण साठवायची गोष्ट वीज नसून पाणी आहे. ऊन असेल तेव्हा पंप चालवा, शेततळ्यात किंवा हौदात पाणी टाका, नाहीतर थेट पिकाला द्या. म्हणून सगळ्या कामांमध्ये शेतीचं पाणी हे उन्हावर न्यायला सगळ्यात सोपं काम आहे.

ते न्यायच्या आपल्या राज्यात दोन वाटा आहेत. लोक त्या एकात एक मिसळतात, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली वाट ज्यांच्याकडे विजेचं कनेक्शन आहे त्यांची. म्हणजे आपल्या मावशींची. त्यांनी पैसे भरून काहीच घ्यायचं नाही. ७.५ एचपीपर्यंतच्या मोटारींना २०२४ च्या एप्रिलपासून बिल माफ आहे, ते २०२९ च्या मार्चपर्यंत. त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. ह्यात प्लेटा तुमच्या रानात बसत नाहीत. गावाजवळच्या सबस्टेशनच्या आसपास एका जागी मोठा सौर प्रकल्प होतो आणि त्याची वीज शेतीच्या फीडरवर सोडतात. तार तीच, डीपी तीच, मोटार तीच, फक्त वीज उन्हाची, म्हणून ती दिवसाच येणार. २०१७ साली राळेगणसिद्धीला ह्याची सुरुवात झाली, २०२३ पासून दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आपल्या मराठवाड्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झालाय. तेव्हा मावशींनी विचारायचा प्रश्न आहे: आमचा फीडर कोणता, आणि तो सौर फीडर कधी होणार? हा प्रश्न वायरमनला, सबस्टेशनला आणि ग्रामसभेत विचारायचा. आम्ही तो लेखी विचारलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

दुसरी वाट ज्यांच्याकडे कनेक्शनच नाही त्यांची. मागेल त्याला सौर कृषी पंप. इथे प्लेटा आणि पंप तुमच्या स्वतःच्या रानात बसतो. एकूण किमतीच्या १० टक्के आपण भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के, बाकीचं सरकारचं. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. पाण्याची सोय आधीची हवी, विहीर, बोअर, शेततळं काहीही. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे, विमाही असतो. प्लेटा पंचवीस वर्षं चालतात असं धरतात.

ऐकायला सरळ आहे. आता आमच्या गटातल्या एकीची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही.

तिचं तीन एकर रान, विहीर आहे, कनेक्शन नाही. मालक सहा वर्षांपूर्वी गेले. ती डिझेल इंजिनावर पाणी द्यायची. इंजिन तासाला लिटरभर डिझेल पितं. ऐन हंगामात इंजिनाला डिझेल घालायला तिने गटातून दोनदा कर्ज काढलं, आणि ते फेडायला दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला गेली. स्वतःचं पीक पाजायला दुसऱ्याचं पीक वेचायचं. सोलरची योजना आली तेव्हा आम्ही म्हटलं, तुझ्यासाठीच आहे ही. अर्ज भरायला बसलो, सात-बारा काढला, तर त्यावर नाव सासऱ्यांचं. सासरे जाऊन बारा वर्षं झालेली. वारस नोंद कोणी केलेलीच नव्हती.

मैत्रिणींनो, सोलरचा पंप उन्हावर चालतो, पण त्याचा अर्ज सात-बारावर चालतो. शेतात राबणाऱ्या बायका किती आणि सात-बारावर नाव असलेल्या किती, हे आपण आपापल्या गटात मोजून बघा. आम्ही मोजलं. आमच्या गटात सतरा जणी, सगळ्या शेतात जाणाऱ्या. सात-बारावर नाव चौघींचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढलं की नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला तर सात-बारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. ते अजूनही करता येतं. पण आमच्या सतरा घरांत ते कोणी केलेलं नव्हतं, आमच्या स्वतःच्या घरातही नाही, हे सांगायला लाज वाटते.

मग तिच्या वारस नोंदीच्या मागे लागलो. मृत्यूचे दाखले दोन, सासऱ्यांचा आणि मालकांचा. वारसांचं प्रतिज्ञापत्र. तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, नोटीस, हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. कागदावर महिन्याभराचं काम. आम्हाला सात महिने लागले. कारण वारसात दीर आले, दोन नणंदाही आल्या. नणंदांचा हक्क आहेच, तो डावलून नोंद करायची नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. नणंदा लगेच सही द्यायला आल्या. दीर अडून बसले, वहिनीचं नाव लागलं की रान जाईल म्हणून. शेवटी थोरल्या नणंदेनेच त्यांना समजावलं. नाव लागलं. मग सामायिक क्षेत्र म्हणून बाकीच्यांचं ना हरकत पत्र घेतलं, आणि मग कुठे सोलरचा अर्ज.

मध्ये एक फोन आला. तुमचा अर्ज मंजूर करून देतो, दोन हजार रुपये ह्या नंबरवर टाका. आणि तिने टाकले. आम्हाला विचारलंही नाही, कारण तिला वाटलं आम्ही आता कंटाळलो असू. ते पैसे गेले ते गेलेच. म्हणून इथे स्पष्ट सांगतो. ह्या योजनेचा अर्ज महावितरणच्या पोर्टलवर भरायचा, आपल्या हिश्शाचे पैसे तिथेच भरायचे आणि पावती घ्यायची. फोनवर कोणालाही पैसे नाहीत, ओटीपी नाही. आणि दुसरं, कंटाळलो असू म्हणून विचारलं नाही असं करू नका. आम्ही कंटाळतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

पंप बसला. पहिल्या दिवशी पाणी पडलं तेव्हा आम्ही सगळ्या विहिरीवर होतो, नारळ फोडला. पण आठ दिवसांनी ती म्हणाली, दुपारी दोननंतर धार बारीक होते. ऊन तर कडक असतं. जाऊन बघितलं तर बांधावरच्या लिंबाची सावली दोननंतर एका टोकाच्या प्लेटवर पडत होती. एकाच प्लेटवर. पण प्लेटा एकीला एक जोडून माळेसारख्या असतात, वीज सगळ्यांतून एका रांगेत वाहते. पाण्याच्या पाईपला एका ठिकाणी घडी पडली की पुढे धार बारीक होते, तसं एका प्लेटवरच्या सावलीने सगळ्या रांगेचा जोर उतरतो. बसवणाऱ्या मुलांना सकाळी दहाला जागा दाखवली होती, तेव्हा सावली दुसरीकडे होती. लिंब तोडायचा नाही असं ती म्हणाली, मालकांनी लावलेला आहे. फांद्या छाटल्या. निम्मी अडचण गेली. तेव्हा तुमच्याकडे बसवायला येतील त्याच्या आधी एक दिवस सकाळी, दुपारी आणि चारला, तीन वेळा जागेवर उभं राहून सावली बघा. थंडीत सावल्या लांब पडतात, तेही धरा. प्लेटांचं तोंड दक्षिणेकडे हवं.

धुळीचंही तसंच. कापसाच्या रानात आणि कच्च्या रस्त्याकडेला आठवड्यात प्लेटवर पापुद्रा बसतो. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, घासणी लावायची नाही. आणि पुसायचं ते सकाळी लवकर, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. आणखी एक, ऊन असेपर्यंत प्लेटांमध्ये वीज तयार होत असते, बटण बंद केलं तरी. वायर उघडी दिसली तर हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका, बसवणाऱ्यांना बोलवा. पंपाचं काम नसलेल्या महिन्यांत त्याच प्लेटांवर कडबाकुट्टी किंवा छोटी गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर मिळतो. तो मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं. आम्ही विचारलं नाही, आता हळहळतोय.

पण एवढं झाल्यावर एक खटकणारी गोष्टही बोलायला हवी. डिझेलवर पाणी देताना ती जपून द्यायची. तासाला पैसे जळत होते ना! आता ऊन फुकट. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या दोघांनी सोलर घेतलं आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत बोअर चालू. एकाने तर उसाची लागण केली. बोअरचं पाणी हे काही उन्हासारखं रोज वरून येत नाही. तेही जमिनीच्या पोटातलंच, आणि काही खोल बोअरचं पाणी तर फार जुनं मुरलेलं. कोळसा वाचवून पाणी संपवलं तर आपण काय कमावलं? आमच्या गटाने ठरवलंय की सोलरसाठी गटाचं कर्ज हवं असेल तर ठिबक करणाऱ्यांना आधी. ह्यावर गटात दोन मतं आहेत. काहीजणी म्हणतात, गरिबाला आत्ता कुठे पाणी मिळालं तर लगेच नियम कशाला? त्यांचंही चुकीचं नाही. पण आम्ही मत ठिबकाच्या बाजूने दिलं.

आता गायरानाचं. ज्या मोठ्या प्रकल्पातून मावशींना दिवसाची लाईट मिळणार, त्याला जागा लागते. खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. कोरडवाहू खडकाळ रानाला हे भाडं चांगलं आहे. पण सरकारी जागेत, गायरानात प्रकल्प होतो तेव्हा तिथे कोणाच्या शेळ्या चरतात? ज्यांना रान नाही त्या बायकांच्या. त्यांना ना फीडर, ना मोटार, ना भाडं. ग्रामपंचायतीला मात्र वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळतात. शेजारच्या गावात हा विषय ग्रामसभेत आला तेव्हा शेळ्यावाल्या बायका बोलल्याच नाहीत, कारण त्या ग्रामसभेला गेल्याच नव्हत्या. आता तारेचं कुंपण पडलंय, आणि त्या दोन कोस लांब डोंगराला शेळ्या नेतात.

आम्ही प्रकल्पाच्या विरोधात नाही. मावशींना रात्री रानात जावं लागू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. पण एकीची झोप दुसरीच्या चाऱ्यातून काढायची नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे. आपल्या गावात जागेचा ठराव येईल तेव्हा ती सभा व्हायलाच हवी, आणि तिथे तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: किती एकर जाणार, चरायला किती उरणार, आणि पंचायतीचे १५ लाख कशावर खर्च होणार. त्यातून चाऱ्याची सोय करता येईल. प्लेटांखालचं गवत कापून न्यायची परवानगी मागता येईल. गवत वाढलं की ते कंपनीलाही कापावंच लागतं, नाहीतर सावली पडते.

घराच्या लाईटबद्दल थोडं. छपरावर प्लेटा बसवायला केंद्राची सूर्यघर योजना आहे. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला मिळून ७८ हजार अनुदान. दिवसा जास्त झालेली वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो, मीटर दोन्ही मोजतं. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी अशी सगळी सौर झाली, राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून तिचं नाव झालं. पण ज्यांचं घरचं बिल महिन्याला दोनशे रुपये येतं त्यांनी कर्ज काढून हे करायची घाई करू नये असं आमचं मत आहे. आणि गटाच्या गिरणीला हे अनुदान मिळत नाही, ते घरगुती कनेक्शनला आहे. आमच्या गिरणीसाठी आम्ही तालुक्याला दोन चकरा मारल्या, मग हे कळलं.

चुलीचा आणि गॅसचा विषय मोठा आहे, पुढच्या वेळी. आज एवढंच, की सिलिंडरचा गॅसही जमिनीतलाच आहे आणि त्यातला बराचसा परदेशातून येतो, म्हणून तिकडे काही बिनसलं की इकडे भाव चढतो. ज्यांच्या दारात दोन-तीन जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी रोज घातलं की एक घनमीटर गॅस होतो, तीन-चार माणसांचा स्वयंपाक निघतो, आणि मळी शेताला जाते. फक्त शेण-पाणी रोज कालवणार कोण, हे आधी घरात ठरवा. सुनेच्या गळ्यात आणखी एक काम पडणार असेल तर आम्ही त्या घराला कर्ज देत नाही.

ती तीन एकरवाली आता दिवसा पाणी देते. इंजिन विकलं, त्या पैशात गटाचं कर्ज फेडलं. दुपारी लिंबाखाली बसून ती आमचा हा कार्यक्रम ऐकते असं म्हणाली, म्हणजे आत्ताही ऐकत असेल. मावशींना मात्र ह्या आठवड्यात पुन्हा रात्रीची पाळी आहे.

येत्या गुरुवारच्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या रानाचा सात-बारा आणावा, झेरॉक्स चालेल. कनेक्शन असेल तर लाईटबिलही आणा, त्यावर ग्राहक क्रमांक असतो. ज्यांच्या सात-बारावर गेलेल्या माणसाचं नाव आहे त्यांनी मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. तलाठ्यांना आम्ही अकरा वाजता बोलावलंय. शेळ्यावाल्या बायकांनाही निरोप द्या, त्या गटात नसल्या तरी.